कालचं कालवण तापवण्याआधी एक पापड भाजा

मालवणला आमच्या घरची रोजची तक्रार: बांगड्याचं कालवण कडेला उकळतंय आणि मधली तुकडी गारढोण. दोष बांगड्याचा नाही, मायक्रोवेव्ह ओव्हनची खोड आहे. ती पापडावर दिसते.

फिरती काच आणि तिच्याखालची चाकं काढा. मधल्या खुंटीवर एक काचेची ताटली अशी पालथी घाला की ती फिरणार नाही. तिच्यावर उडदाचा कच्चा पापड ठेवा आणि फुल पॉवरवर चालू करा. दारासमोरून हलू नका; पापडावर फोड उठायला लागले की लगेच बंद. पापड ठिकठिकाणीच फुललेला असेल, मधे कच्चा. फुललेल्या डागांमधलं अंतर मोजलंत तर साधारण 6 सेंटीमीटर भरेल.

ओव्हनमधल्या लहरींची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, तेव्हा काही जागी जोर वाढतो, काही जागी मावळतो. जोराच्या दोन जागांत अर्ध्या लहरीचं अंतर. काच फिरते ती यासाठीच, तरी मध्य बरेचदा कमनशिबीच राहतो.

लहरीतलं विद्युत क्षेत्र सेकंदाला 245 कोटी आवर्तनं करतं. पाण्याचे रेणू त्याच्यामागे वळू बघतात, शेजाऱ्यांवर आदळतात आणि अन्न तापतं. ‘आतून शिजतं’ म्हणतात ते खोटं. लहरी जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर शिरतात. पुढे उष्णता हळूहळूच सरकते.

म्हणून कालवण खोल वाडग्यात नको, पसरट काचेच्या भांड्यात घ्या. तुकड्या कडेने मांडा, मध्य मोकळा. पॉवर निम्मी, कारण नारळाचा रस फुटतो. दर मिनिटाला रस हलवा. उकड्या भातावर चमचाभर पाणी शिंपडून सैल झाकण ठेवा. बंद केल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या.

फ्रीझरमधल्या सुरमईची गंमत वेगळी. बर्फात रेणू जखडलेले, तो लहरी फारशा शोषत नाही. जिथे आधी वितळतं तिथलं पाणीच सगळी उष्णता ओढतं. कड शिजते, मध्य दगड. 30 टक्के पॉवर लावा. ओव्हन मधूनमधून घुमायचा थांबतो, तेवढ्यात उष्णता आत पसरते.

उकडलेलं अंडं कालवणात असेल तर आधी अर्धं करा, नाहीतर फुटेल. मग ओव्हन पुसण्यात दुपार जाईल.