नाण्यांच्या शोधासाठी डिटेक्टरची कॉइल कशी निवडावी

इंग्लंडमध्ये गहू आणि बार्लीची कापणी आटोपून शेते मोकळी झाली की मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी शोधकांचा हंगाम सुरू होतो. या देशात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांना या छंदाची गोडी लागली आहे, त्यांना कॉइल म्हणजे काय हे सांगायला नको. दांड्याच्या टोकाला बसवलेली, जमिनीलगत फिरवायची ती तबकडीच जमिनीत काय आहे ते खरोखर टिपते. तरीही यंत्र निवडण्यासाठी महिनोन्‌महिने विचार करणारी माणसे कॉइलच्या बाबतीत घाई करतात, आणि मोठी कॉइल म्हणजे जास्त खोली अशा समजुतीने मिळेल ती सर्वांत मोठी कॉइल मागवतात. नाण्यांच्या बाबतीत ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते.

आपण नेमके काय शोधत आहोत, याचा विचार आधी करावा. मध्ययुगीन इंग्लंडची हाताने ठोकलेली चांदीची पेनी साधारण १८-१९ मिलिमीटर व्यासाची, कागदासारखी पातळ आणि जेमतेम १.४ ग्रॅम वजनाची असते. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डच्या नाणेसुधारणेत गोल फार्दिंग (पाव पेनीचे नाणे) नियमितपणे पाडले जाऊ लागेपर्यंत सुट्या पैशांसाठी पेनीच कापली जात असे आणि तिच्यावरील क्रॉसच्या रेषांवरून तिचे दोन किंवा चार तुकडे करीत. असा पाव तुकडा सुमारे एक तृतीयांश ग्रॅमचा असतो. याउलट १८६० पासूनची व्हिक्टोरियाकालीन काशाची पेनी जवळजवळ ३१ मिलिमीटर रुंद आणि ९.४ ग्रॅम वजनाची आहे. ही पेनी कोणत्याही कॉइलखाली ठणठणीत आवाज देते. कॉइलची खरी परीक्षा त्या पाव तुकड्यापाशी होते.

खोलीचे गणित समजून घेतले की बराच मोह आपोआप गळून पडतो. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे नाण्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र कॉइल परत टिपते. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे असेल, तर जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि परत येणारेही तसेच घटते, म्हणून अंतर दुप्पट झाल्यास संकेत सुमारे चौसष्टाव्या भागावर येतो. अशा वेळी कॉइल मोठी केल्याने लहान नाण्यासाठी मिळणारी वाढीव खोली थोड्या सेंटिमीटरांचीच असते, मात्र कॉइलखाली येणारी माती आणि तिच्यातील लोखंडाचा कचरा कितीतरी पटींनी वाढतो. मोठ्या वस्तूची गोष्ट वेगळी आहे. २०१० मध्ये सॉमरसेटमधील फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना ५२,५०३ रोमन नाण्यांनी भरलेले मडके सापडले. (त्यांनी स्वतः उकरणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले, म्हणूनच ती नाणी कोणत्या क्रमाने भरली गेली हे अभ्यासता आले.) असा ऐवज मोठ्या कॉइलला खोलवरही जाणवू शकतो, सुटे नाणे हाती लागते ते बहुधा नांगराने वरखाली केलेल्या थरातच.

आता कॉइलच्या प्रकारांकडे वळू. कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये बाहेर क्षेत्र सोडणारे वेटोळे आणि आत टिपणारे लहान वेटोळे असते, आणि तिचा प्रभाव खाली जाताना शंकूसारखा निमुळता होतो. त्यामुळे नाण्याची जागा अचूक सापडते, आणि बाटल्यांच्या पत्र्याच्या झाकणांसारखे सपाट लोखंड ती बऱ्याचदा नीट ओळखते. परंतु शंकूच्या टोकाशी रुंदी फारच कमी असल्याने प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढवावी लागते, आणि लोहयुक्त जमिनीत तिचा गोंधळ उडतो. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी मधोमध एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. तिचा प्रभाव पुढून मागे जाणाऱ्या पात्यासारखा, अरुंद पण लांब असतो. एका वेळी कमी माती तिच्या नजरेत येत असल्याने नॉर्थॅम्प्टनशायरच्या लोहदगडाच्या जमिनीत (कोकणातला जांभा ज्यांनी पाहिला आहे त्यांना लोहयुक्त जमीन म्हणजे काय हे सहज कळेल) ती शांत राहते. अचूक जागेसाठी मात्र संकेतावरून एकदा आडवी आणि एकदा उभी अशी दोनदा कॉइल फिरवावी लागते. नांगरलेल्या शेतासाठी माझा कौल निःसंशय डबल-डीला आहे. गॅरेट एस (Ace) २५० सारख्या यंत्राबरोबर येणारी कॉन्सेंट्रिक कॉइल सौम्य मातीच्या मैदानात उत्तम काम देते.

आकाराबाबत माझा सल्ला असा की पहिली कॉइल ९ ते ११ इंचांची असावी. मायनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० या यंत्राबरोबर येणारी ११ इंची डबल-डी हे याचे चांगले उदाहरण आहे. दुसरी घ्याल ती ६ इंचांच्या आसपासची घ्या. जुन्या वस्तीच्या जागी हाताने घडवलेले खिळे मुठीमुठीने पसरलेले असतात, आणि मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी दोन-तीन खिळे आणि एक पेनी आली तर खिळ्यांचा आवाज पेनीला गिळून टाकतो. लहान कॉइल त्या दोहोंना वेगळे करते. हे घरीच तपासता येते. लाकडी फळीवर एक नाणे ठेवून भोवती बोटभर अंतरावर तीन-चार गंजलेले खिळे मांडावेत, कॉइल सावकाश निरनिराळ्या दिशांनी फिरवावी आणि किती दिशांनी नाण्याचा स्वच्छ आवाज येतो ते मोजावे. १३ ते १५ इंचांची कॉइल कचरा नसलेल्या विस्तीर्ण कुरणासाठी राखून ठेवावी. तिचे वजन दांड्याच्या टोकाशी असल्याने तीन तासांनी खांदा भरून येतो, आणि थकलेला हात कॉइल नकळत उचलू लागला की मिळवलेली खोली तिथेच निघून जाते. कापणीनंतरच्या धसकटांतही हेच घडते, म्हणून तिथे अरुंद लंबगोल कॉइल सोयीची पडते.

खरेदीपूर्वी कॉइल आपल्या यंत्राला चालते का, हे निर्मात्याच्या यादीत नेमके पाहावे. जोडणी बसली म्हणजे कॉइल चालेलच असे नाही, कारण ती त्या यंत्राच्या वारंवारतेसाठी जुळवलेली असते. एक्सपी ड्यूस या यंत्राच्या कॉइलमध्ये तर स्वतःची बॅटरी असून ती तारेविना संकेत पाठवते.

कॉइल कोणतीही असो, जमीनमालकाची परवानगी आणि कायदा आधी येतो. संरक्षित पुरातन स्थळी डिटेक्टर चालवता येत नाही, आणि १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार किमान ३०० वर्षे जुनी, किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली, तरी १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ऐवजाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावे लागते. महाराष्ट्रात सुट्टीवर जाताना यंत्र बरोबर नेण्याचा विचार असेल, तर तिथे १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू आहे आणि संरक्षित गडकिल्ल्यांवर खोदकामास बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे.

नवी कॉइल बसवल्यावर तिची तार दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी, कारण हलणारी तार खोटे आवाज देते. फक्त कॉइलजवळ ती वाकण्यापुरती ढिली ठेवावी. खालचे प्लास्टिकचे आवरण दर खेपेनंतर काढून धुवावे, कारण आत साचलेली ओली माती कॉइलला जमिनीसारखीच भासते.