मिरगाआधीची पडवी: कोकणातल्या घरी कुत्र्या-मांजरांचा पावसाळा

मुंबईची खोली बंद करून गावच्या घरी कायमचे राहायला येणारे आता बरेच झालेत. वर्ष सरायच्या आत त्यांच्या पडवीत एखादा कुत्रा आणि न्हाणीत एखादी मांजर ठाण मांडून बसतेच. मग जूनमध्ये मला फोन येतो, "काकी, कुत्रा खाजवून खाजवून रक्त काढतोय, काय लावू?" आता काहीही लावलंस तरी निम्मंच काम होणार, बाबा. खरं काम मे महिन्यातलं. आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, तांदूळ, सुकी मासळी, लाकडं, झापं यांची बेगमी करतो ना, त्याच यादीत जनावरंही घालायची. मी राहते राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेला. घर चिऱ्याचं, खळं म्हणजे पुढचं अंगण शेणाने सारवलेलं, राखणीला बाळ्या आणि ठिपकी, शिवाय मांजरं. तेव्हा सांगते ते या मुलखापुरतं.

पहिलं काम भिंतीचं. गोचीड कुत्र्यावर दिसतो म्हणून सगळे कुत्र्याच्या मागे लागतात, पण तो राहतो भिंतीत. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते, सरपटत एखाद्या फटीत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं महिनोन्महिने उपाशी राहून कुत्र्याची वाट बघतात. चिऱ्याच्या न गिलावलेल्या भिंतीला तर भोकंच भोकं. म्हणून मे महिन्यात कुत्रा बसतो त्या कोपऱ्यातली भोकं सिमेंट-वाळूने बुजवा आणि कमरेइतक्या उंचीपर्यंत चुना मारा. जुनी गोणपाटं धुवत बसू नका, जाळून टाका. कुत्र्यावर सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. काडी लावायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. हिरड्या पांढरट दिसल्या, ताप आला, नाकातून रक्त आलं, तर तो गोचिडतापही असू शकतो. घरगुती उपायांत दिवस घालवू नका, दवाखाना गाठा.

इथे मांजरवाल्यांनी कान टवकारावेत. गोठ्यात फवारायची गोचिडाची औषधं आणि कुत्र्याच्या मानेवर सोडायचे काही थेंब मांजराला विषारी असतात. पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या जातीच्या औषधांनी मांजराला झटके येतात, ती दगावते. कुत्र्याला औषध लावलं की ते पुरतं सुकेपर्यंत मांजराला त्याच्या कुशीत झोपू द्यायचं नाही. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल मांजराला? अर्धीसुद्धा नाही. जीव जातो.

दुसरं काम लशीचं, आणि तेही उशिरा सुचून चालत नाही. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने, बहुधा दरवर्षी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) मात्र पहिल्या वर्षी दोनदा द्यावी लागते, मध्ये तीन-चार आठवडे सोडून. म्हणजे मिरगाआधी संरक्षण हवं तर एप्रिलच्या मध्याला सुरुवात हवी. उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात. मळ्यातून, व्हाळातून, डबक्यातून कुत्रा तेच पाणी पितो. आजारी कुत्र्याच्या लघवीतून हा आजार माणसालाही होतो, म्हणून खळं झाडताना पायात काहीतरी घाला. लस बर्फात घालून आणायची आणि लगेच टोचून घ्यायची. गावातल्या फ्रिजवर विसंबू नका. पहिल्या वळवाला वीज गेली की ती कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक.

खाणं. 1 जूनला मासेमारी बंदी लागते ती ऑगस्टमध्ये उठते, आणि तोवर मांजरांचा उपास. सुके बांगडे, बारीक सुकट आधीच उन्हात कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. देताना मात्र रात्रभर भिजत घालून पाणी फेकायचं. त्यातलं मीठ त्यांना सोसत नाही. बाळ्या-ठिपकीला उकड्या तांदळाची पेज आणि त्यात अंडं किंवा मासळीचं पाणी. कांदा-लसणीचं कालवण मिसळू नका. विकतचं खाणं आणत असाल तर छोटी पिशवी आणा. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि बुरशीचं खाणं कुत्र्याचं यकृत खातं.

जागा कोरडी हवी, मऊ नसली तरी चालते. पडवीत पागोळ्यांचं पाणी उडत नाही अशा बाजूला चार चिरे मांडून वर फळी टाका, फळीवर गोणपाट. गोणपाटाचे दोन जोड हवेत: एक अंगाखाली, एक चुलीवरच्या दांडीवर वाळत. लाकडांच्या रचलेल्या ढिगाजवळ ही फळी कधीही नको. पाऊस लागला की फुरसं, घोणस, मण्यार सगळ्यांनाच कोरडी जागा हवी असते, आणि लाकडांचा ढीग त्यांच्या आवडीचा. रोज संध्याकाळी गोणपाट काठीने उचलून झटकायचं, हाताने नाही. आमच्या सड्यावर फुरशांची वस्ती मोठी आणि रंगाने ती अगदी जांभ्यासारखी. कुत्र्याचं तोंड किंवा पाय अचानक सुजला, हिरडीतून रक्त आलं, तर त्याला चालवू नका, उचलून न्या. बांधणं, कापणं, मंत्र टाकणं यात वेळ घालवू नका. कुठल्या पशुवैद्यांकडे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं हे मे महिन्यातच विचारून ठेवा आणि नंबर भिंतीवर खडूने लिहा. नेमक्या वेळी मोबाइल मेलेला असतो.

मांजरांची व्यवस्था त्या स्वतःच करतात. न्हाणीतल्या पाणी तापवायच्या चुलीत, कोमट राखेत शिरून झोपतात. सकाळी जाळ घालण्याआधी चुलीत काठी फिरवून बघा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आहे.

आषाढात रोजचं काम एवढंच: बाहेरून आलेल्या कुत्र्याची बोटं जुन्या पंच्याने पुसायची, बोटांमधल्या बेचक्यासुद्धा, आणि कान उलटून वास घ्यायचा. आंबूस वास आला की कानात घाण सुरू झाली समजा. बारकी जखम दिसली तर दिवसातून दोनदा बघा. माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळतात. मग लोक डांबरगोळी पूड करून भरतात, फिनेल ओततात. दोन्ही विषारी, आणि कुत्रा ते चाटतो. मिठाच्या कोमट पाण्याने धुवून दवाखान्यात न्या. बेडूक तोंडात धरून फेस गाळत कुत्रा आला तर घाबरू नका. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसा आणि त्याच्यावर नजर ठेवा. जंताची गोळी साधारण तीन महिन्यांनी. मांजराच्या शेपटीखाली भाताच्या शितासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पिसवांमधून आलेले चपटे जंत, तेव्हा गोळीबरोबर पिसवांचंही बघा.

गणपतीत घर भरतं आणि जो तो प्रेमाने काहीतरी भरवतो. मोदकाचा तुकडा एकवेळ चालेल, पण खिरीतले बेदाणे नकोत. काही कुत्र्यांचे मूत्रपिंड त्याने निकामी होतात, कुठल्या कुत्र्याला बाधेल ते आधी कळत नाही. चाकरमान्यांच्या पोरांना चॉकलेटाचंही बजावून ठेवा. फटाके वाजायच्या आत कुत्र्याला माजघरात घेऊन दार लावा.

आता साखळीचं. रात्री कुत्रा बाहेर खुंटीला बांधणं म्हणजे बिबट्याला पान वाढून ठेवणं. तिन्हीसांजेला त्याला आत घ्या आणि पडवीला लोखंडी जाळी बसवा. खर्च वाटतो, पण वाडीत विचारा, कोणाकोणाचे कुत्रे गेले.

भात कापून झालं की मळ्यातले उंदीर घराकडे वळतात. त्या वेळी विषाच्या वड्या टाकू नका. विष खाल्लेला उंदीर मांजर खाते आणि काही दिवसांनी तिच्या अंगात आतून रक्त सुटायला लागतं. लोखंडी पिंजरा लावा, आत भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा, आणि रोज सकाळी रिकामा करा.