मावा बघायचाय? आधी रुईपाशी बसा

राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय २००८ पासून ग्वाल्हेरात आहे. त्यामुळे इथल्या मराठी घरांतलीही बरीच मुलं कीटकशास्त्राकडे वळतात आणि मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारा इवलासा किडा, बघायचा म्हटलं की थेट मोहरीत शिरतात. ते साहजिक आहे. थंडीत ग्वाल्हेर-मुरैना पट्टा मोहरीनं पिवळा होतो, आणि चार दिवस ढगाळ गेले की शेतकरी "माहू लग गया" म्हणत पंप पाठीला लावतो. फाल्गुनात शहरातल्या लष्कर भागातून स्कूटरवर जाताना डोळ्यांत जातात ते बारीक किडेही पिकत्या मोहरीवरून उठलेला पंखवाला मावाच.

पण शेतावर फवारणी होते. निसर्गात मावा कसा राहतो ते शिकायचं, तर रस्त्याकडेची रुई गाठा. किल्ल्याच्या उतारावर, पडीक प्लॉटमध्ये, कुठेही मिळेल. तिच्यावर कोणी औषध मारत नाही, म्हणून मावा, त्याला खाणारे आणि त्याची राखण करणाऱ्या मुंग्या असा सगळा संसार जागेवर सापडतो.

रुईवरचा एफिस नेरी हा मावा पिवळाधमक असतो. पाय काळे आणि पोटाच्या मागच्या बाजूला दोन काळ्या नळ्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, शेंडा तोडू नका, ऊन चढायच्या आत जाऊन बसा. धीर धरलात तर एखादी मादी प्रसवताना दिसेल. पिल्लू मागच्या अंगानं बाहेर येतं, काही वेळ लोंबत राहतं, मग पाय टेकून आईपासून सुटतं. ना अंडं, ना नराची गरज. त्या मादीच्या पोटातल्या भ्रूणांतही पुढची पिढी आकार घेऊ लागलेली असते. हवा मानवली तर आठ-दहा दिवसांत हेच पिल्लू स्वतः प्रसवू लागतं. वस्ती एवढ्या झपाट्यानं का वाढते, हे इथे बसल्यावर खरं उमगतं.

मग नजर जरा फिरवा. मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करते आणि तो गोड थेंब सोडतो. गर्दीत एखादा मावा बदामी, फुगलेला, कागदासारखा सुकलेला दिसेल. ती ममी. एका इवल्या गांधीलमाशीच्या अळीनं त्याला आतून खाल्लेलं असतं. पाठीवर गोल भोक असेल, तर माशी निघून गेली म्हणून समजा. बिनपायांची हिरवट अळी दिसली तर तिला कीड समजून चिरडू नका. ती सिरफिड माशीची अळी, मावा तोंडात धरून वर उचलते आणि शोषून रिकामा करते. फांदीला दोरा बांधून ठेवा आणि दोन-तीन दिवसांआड तीच फांदी बघा. दहा झाडं धावत पाहण्यापेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं.

माव्यासारखाच रस शोषणारा दुसरा किडा म्हणजे पांढरी माशी. तिच्यासाठी पावसाळ्यात मूग, उडीद, भेंडीकडे जा. पान झटक्यानं उलटलं की सगळ्या उडतात. देठाला धरून हळूच वर करा. अंड्यातून निघालेलं पिल्लू थोडं चालतं, मग एका जागी चिकटून बसतं. जात ओळखायची ती शेवटच्या अवस्थेच्या रिकाम्या कोशावरून, उडणाऱ्या माशीवरून नाही. कोश इंग्रजी टी अक्षरासारखा उकललेला असेल तर माशी बाहेर पडली. गोल भोक असेल तर तिच्यावर जगणारा परजीवी. आणि मुगाच्या शेतात माश्या थोड्या दिसल्या म्हणून निर्धास्त राहू नका, पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग पसरवायला थोड्याही पुरतात.

वहीत सर्वांत आधी झाडाचं नाव लिहा. ते नसेल तर पुढे ओळख पटवणं फार अवघड जातं. नमुना घ्यायचाच असेल तर ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवा आणि आतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई विरघळते.