घटसर्पाची लस आणि चोरलेला पान्हा

मृगाचा पाऊस पडायच्या आत घटसर्पाची लस टोचून घ्यायची, हे इंदूरच्या आसपासच्या गोठेवाल्यांना सांगायला नको. गुरांच्या घशाला सूज आणणाऱ्या या रोगाला आपल्याकडचे गवळी गलघोटू म्हणतात. सांगायचंय ते टोचायच्या वेळेबद्दल. त्या संध्याकाळी म्हैस दूध आखडते आणि दोष सगळा लसीवर जातो. लसीने दूध थोडं उतरतं खरं, पण त्यात आपल्या आरडाओरड्याची भर पडते.

जनावर घाबरलं की मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरतं आणि काही सेकंदांत अंगभर पोचतं. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, ते पळण्यासाठी मोकळी करतं आणि कासेकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन लागतं. तेही मेंदूतून रक्तावाटेच कासेत येतं आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटांत ओसरतो. वाटच आवळलेली असली तर ते पोचणार कसं? आपण म्हणतो म्हशीने पान्हा चोरला. बिचारीच्या हातात काही नसतं.

म्हणून सकाळची धार झाली की ऊन चढायच्या आत टोचून घ्या. ॲड्रेनलिन काही मिनिटांत विरतं. मागून चढणारं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं दुसरं संप्रेरक, सावकाश उतरतं, आणि ते दिवसेंदिवस चढलेलं राहिलं तर लसीला ज्या प्रतिकारशक्तीचा आधार, तीच मंदावते. जनावर त्याच्याच खुंट्याला बांधा, रोजच्या माणसाने धरा. काठी नको, शेपूट पिळणं तर मुळीच नको. भित्री म्हैस शेवटाला ठेवू नका, बाकीच्यांची धडपड बघून ती आधीच बिथरलेली असते.

शेळ्या बाजाराला नेणाऱ्यांसाठी एवढंच: पिकअपमध्ये कोंबून, उन्हात उपाशी नेलेल्या बोकडाच्या स्नायूंतली साखर संपते. मग मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, ते काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. रवंथ करणाऱ्या जनावरात हा साठा भरायला काही दिवस लागतात. रात्रभराच्या चाऱ्याने भागत नाही.

पान्हा अडला म्हणून ऑक्सिटोसिनची सुई मारू नका. दूध वाढवायला जनावराला अपायकारक टोचणी देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अर्धा तास थांबा, पुढे थोडी सरकी पेंड ठेवा, कास कोमट पाण्याने धुऊन मिनिटभर चोळा, मग धारेला बसा.