नऊ सीट म्हणजे नऊ माणसं नव्हेत: परदेशात मोठी व्हॅन भाड्याने घेताना या चुका टाळा

आजी-आजोबा, दोन भाऊ, दोघांच्या बायका आणि तीन मुलं. माणसं नऊ, म्हणून नऊ सीटची व्हॅन. बुकिंग करताना हिशेब इतका सरळ वाटतो की बॅगा कुठे ठेवायच्या, हे कोणी विचारतच नाही. मग विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडीचं मागचं दार उघडतं आणि शेवटच्या सीटच्या पाठीमागे हातभर जागा दिसते. आमच्या एका सहलीत हेच झालं. पहिला दीडशे किलोमीटरचा प्रवास मुलांनी पायाखाली बॅगा घेऊन केला. जोराचा ब्रेक लागला असता तर सुटी बॅग कोणावर आदळली असती, याची आठवण आजही अस्वस्थ करते.

सर्वात जास्त लोक चुकतात ते इथेच. नऊ सीटच्या एकाच मॉडेलमध्ये आखूड आणि लांब असे दोन प्रकार मिळतात. आखूड गाडीत तिन्ही रांगा भरल्या की मोठ्या बॅगा मावत नाहीत. वेबसाइटवरचा फोटो बहुतेक वेळा नमुन्याचा असतो, शेजारी 'किंवा तत्सम' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. 'लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली, गाडी नक्की मिळेल का? सगळ्या सीट वापरात असताना मोठ्या बॅगा किती बसतील?' हे दोन प्रश्न मेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. लांब गाडीची खात्री मिळत नसेल, तर माझ्या मते नऊ सीटच्या व्हॅनमध्ये सहा-सात जणांनीच जावं किंवा सरळ दोन गाड्या घ्याव्यात. दोन गाड्यांना पेट्रोल आणि टोल जास्त लागतो हे खरं, पण म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दहा दिवस आखडून राहत नाहीत.

जागेसारखाच वजनाचाही हिशेब असतो आणि तो कोणीच करत नाही. सरासरी ७५ किलोची नऊ माणसं म्हणजे ६७५ किलो, वीस किलोच्या नऊ बॅगा म्हणजे १८० किलो, एकूण ८५५. युरोपातल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर 'एफ.२' पुढे भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं, 'जी' पुढे रिकाम्या गाडीचं आणि 'एस.१' पुढे चालकासह सीटची संख्या. 'जी'च्या आकड्यात साधारणपणे चालक धरलेला असतो. एफ.२ मधून जी वजा केलं की किती भार चालेल ते कळतं. हे काम दोन मिनिटांचं आहे. उरलेल्या बॅगा टपावर बांधण्याचा मोह मात्र टाळा.

अमेरिकेतल्या पंधरा सीटच्या व्हॅनबाबत तर हा मोह जिवावर बेतू शकतो. माणसं वाढतात तसा गाडीचा गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, आणि अचानक स्टिअरिंग वळवलं की गाडी उलटण्याचा धोका वाढतो. तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००१ पासून याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. दहा किंवा जास्त माणसं बसलेल्या अशा व्हॅन उलटण्याचं प्रमाण कमी माणसं असलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट असल्याचं तिच्या अभ्यासात दिसलं. म्हणून माणसं कमी असतील तर मागच्या चाकांच्या पुढच्या सीट आधी भरा, टपावर काही ठेवू नका, सगळ्यांचे पट्टे लागले आहेत हे रोज स्वतः बघा. स्थिरता नियंत्रण यंत्रणा असलेली नवी गाडी मागा. टायरमधली हवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे तपासा आणि त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. तपासणी टायर थंड असताना करायची.

परवान्यावर किती सीट चालतात?

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये साध्या कारच्या परवान्यावर चालक धरून नऊ सीटपर्यंतचीच गाडी चालवता येते. त्यापुढे डी१ वर्ग लागतो. जपानमध्ये ही मर्यादा चालकासह दहा, ऑस्ट्रेलियात बारा. त्यामुळे 'बारा जण आहोत, मिनीबस घेऊ' हे ऑस्ट्रेलियात जमतं, फ्रान्समध्ये जमत नाही. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. मर्यादा सीटच्या संख्येवर ठरते, आत बसलेल्या माणसांवर नाही. बारा सीटच्या गाडीत आठ जण बसले तरी ती बारा सीटचीच.

आंतरराष्ट्रीय परवान्याबाबतही एक बारीक गोष्ट आहे. तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार किंवा १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला असतो आणि जपान फक्त १९४९ चा मानतो. हा परवाना म्हणजे मूळ परवान्याचं भाषांतर. मूळ कार्ड घरी राहिलं तर त्याचा काही उपयोग नाही.

गाडीची उंची

कारची सवय असलेल्याला ही चूक शेवटपर्यंत कळत नाही. नऊ सीटच्या बऱ्याच व्हॅन दोन मीटरच्या आसपास उंच असतात, आणि जुन्या शहरांतल्या कित्येक तळघर-पार्किंगची मर्यादा १.९ किंवा २ मीटरच असते. गाडी घेतल्याबरोबर तिची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. टपाचं नुकसान बहुतेक विम्यांत धरलेलं नसतं, त्यामुळे एका लोखंडी आडव्या पट्टीला टप घासला तर बिल तुमचंच. हॉटेल बुक करताना 'पार्किंग आहे का' एवढ्यावर थांबू नका, 'पार्किंगची उंची किती' हेही विचारा.

टोलही उंचीवर ठरतो. फ्रान्समध्ये दोन मीटरपर्यंतची गाडी पहिल्या वर्गात, त्याहून उंच आणि तीन मीटरपर्यंतची दुसऱ्या वर्गात जाते. इटली आणि स्लोव्हेनिया पुढच्या चाकांच्या आसापाशी गाडी किती उंच आहे ते बघतात, सीमा १.३० मीटर. स्लोव्हेनियात त्यावरून विन्येटचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या टोल-परवान्याचा वर्ग ठरतो, आणि वर्ग चुकला तर दंड होतो. ही उंची गाडी देणाऱ्यालाच विचारा. स्वित्झर्लंडचं विन्येट वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँकला. एका दिवसासाठी गेलात तरी तेवढेच. गाडीवर ते आधीच आहे का, हे चावी घेताना बघा, नाहीतर पैसे दोनदा जातील.

इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात 'झेडटीएल' हे मर्यादित वाहतुकीचे भाग असतात. नेव्हिगेशन बिनदिक्कत आत नेतं, कॅमेरा नंबर टिपतो आणि घरी परतल्यावर दंड येतो, त्याच्या जोडीला भाडे कंपनीचा प्रक्रिया खर्च. हॉटेल त्या भागात असेल तर गाडीचा नंबर नोंदवून देतील का, ते आधीच विचारून ठेवा.

काउंटरवर

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी लागतं आणि मोठ्या गाडीची अनामत कारपेक्षा जास्त अडकते. कार्डाची मर्यादा आधी बघा. कार्डासोबत मिळणाऱ्या गाडी-विम्यातून मोठ्या व्हॅन बऱ्याचदा वगळलेल्या असतात; अटींमध्ये सीटची संख्या शोधा. दुसरा चालक कागदावर नसेल तर त्याने एक किलोमीटरही चालवू नये, अपघात झाला तर विमा हात वर करतो. दुसऱ्या देशात जायचं असेल तर तसा उल्लेख करारात हवा. विम्यातून काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग वगळला आहे का, तेही तिथेच विचारा.

लहान मुलांच्या सीटचा नियम वयापेक्षा उंचीवर जास्त अवलंबून असतो. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ती लागते. ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोपर्यंत. व्हॅनच्या सगळ्याच सीटवर आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट गाडीला पक्की अडकवायचे, हूक नसतात, म्हणून कोण कुठे बसणार ते बुकिंगच्या वेळीच ठरवा. उलट तोंडाची बेबी सीट पुढे लावायची असेल तर तिथली एअरबॅग बंद झालीच पाहिजे.

काही बिघडलंच तर

युरोपातल्या पंपांवर पेट्रोलची नळी सहसा हिरवी आणि डिझेलची काळी असते, तर अमेरिकेत हिरवी बहुतेकदा डिझेलची. रंगावर जाऊ नका, युरोपात बी७ (डिझेल) आणि ई५, ई१० (पेट्रोल) ही अक्षरं वाचा. चुकीचं इंधन भरलं गेलं तर किल्ली अजिबात फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि मदत बोलवा. निळ्या झाकणाची टाकी ॲडब्लूची, म्हणजे डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची असते; त्यात डिझेल भरायचं नाही. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका, ते पूर्ण संपलं की एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. आणि निघण्यापूर्वी मागे वाकून बघा: जादा चाक आहे की नुसती पंक्चर भरायची बाटली, रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा तिकोन आणि चमकदार जॅकेट कुठे ठेवलंय. नऊ जणांना घेऊन महामार्गाच्या कडेला उभं राहावं लागलं, तर आधी सगळ्यांना रस्त्याकडच्या नव्हे तर कडेच्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे न्या, मग मदतीसाठी फोन लावा (युरोपात ११२).