साइट नवी करण्याआधीची तयारी : आधी जुन्या पत्त्यांची यादी

पहिलं काम, आणि हे झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही : जुन्या साइटवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता एका एक्सेल शीटमध्ये उतरवून घ्या. मागच्या वेळी चादर-टॉवेलच्या एका कारखान्याची साइट नवी करताना नेमकं हेच राहिलं. नवी साइट देखणी होती, पटकन उघडत होती, पण जुन्या पानांनी गूगलमध्ये इतक्या वर्षांत कमावलेली जागा '४०४, पान सापडत नाही' या पाटीवर येऊन संपत होती. बाकी जे काही चुकेल ते पुढच्या आठवड्यात दुरुस्त करता येतं. ही यादी मात्र जुनी साइट उतरवल्यावर धड तयार करता येत नाही, म्हणून ती आधी.

यादी एका ठिकाणाहून पुरी होत नाही. जुना साइटमॅप (सर्च इंजिनांसाठीची साइटच्या पानांची यादी) घ्या, पण त्यावर थांबू नका. मेनूतून काढलेली, तरी गूगलमध्ये अजून दिसणारी पानं त्यात नसतात. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातून मागच्या १६ महिन्यांचा परफॉर्मन्स रिपोर्ट उतरवा. त्याआधीचं तिथे मिळत नाही, आणि एका वेळी हजारच ओळी निघतात. साइट मोठी असेल तर फोल्डरनुसार फिल्टर लावून तुकड्यातुकड्यांनी काढा. तिथलाच 'लिंक्स'चा रिपोर्टही घ्या. बाहेरच्यांनी तुमच्या कुठल्या पानांची लिंक दिली आहे ते त्यात दिसतं, आणि जिवापाड जपायची पानं तीच. स्क्रीमिंग फ्रॉग हा साइटची पानं एकेक करून तपासणारा प्रोग्राम फुकटात ५०० पत्त्यांपर्यंत चालतो, कारखान्याच्या साइटला बहुतेक वेळा तेवढा पुरतो. होस्टिंगवाल्याकडे सर्व्हरचे लॉग (कोणता पत्ता कधी उघडला गेला याच्या नोंदी) मागा, आणि आजच मागा. बऱ्याच ठिकाणी ते थोडेच दिवस ठेवतात.

शेवटी छापलेल्या वस्तू. हे कोणाच्याच लक्षात येत नाही. चादरीची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, तिच्यावर एक कार्ड असतं आणि कार्डाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड. तो कोड होमपेजवर जातो असं गृहीत धरू नका; बऱ्याचदा तो थेट त्या मालाच्या पानावर जातो. छापखान्यातून एकदा आलेली कार्डं वर्षानुवर्षं पुरतात, आणि माल तर कुठल्या गावच्या दुकानात पडून आहे हे मालकालाही सांगता येत नाही. तेव्हा पॅकिंगच्या टेबलापाशी जा, प्रत्येक प्रकारचं एकेक कार्ड, व्हिजिटिंग कार्ड, कॅटलॉग, प्रदर्शनातला स्टँडी असं सगळं मोबाइलने स्कॅन करा आणि उघडलेला पत्ता जसाच्या तसा शीटमध्ये लिहा.

आता शीटच्या दुसऱ्या रकान्यात प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता. एकाला एक. बंद झालेला माल असेल तर त्याच्या सर्वांत जवळच्या प्रकाराचं पान द्या. तसं काहीच नसेल तर खुशाल ४०४ राहू द्या. सगळे पत्ते होमपेजवर ढकलून मोकळं होऊ नका. जॅकार्ड चादर शोधत आलेल्या माणसाला होमपेज मिळालं तर तो मागे फिरतो, आणि गूगलही असा पत्ता ४०४ सारखाच धरतं. रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवणं, ३०१ प्रकारचा (कायमचा) हवा. ३०२ म्हणजे 'तात्पुरतं हलवलंय', आणि तुम्ही तात्पुरतं हलवलेलं नाही. साखळीही नको : एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, तिथून नवं पान, अशा तीन उड्या न मारता जुन्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर एकच उडी. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. कार्डावरचा क्यूआर वर्षाने पुसला जात नाही, तेव्हा तुम्ही ते कायमचे ठेवा.

इथे एक खड्डा आहे, तो नीट पाहून घ्या. जुन्या साइट्सचे पत्ते बहुधा 'प्रॉडक्ट डॉट पीएचपी' आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून 'आयडी=३७' अशा धाटणीचे असतात. अपाचे या साइट चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामवर, नियमांच्या एचटीअॅक्सेस फाइलमध्ये साधा 'रीडायरेक्ट ३०१' लिहिला तर तो प्रश्नचिन्हाच्या पुढचं जुळवून पाहातच नाही. नियम लिहिलेला दिसतो, फाइल बरोबर वाटते, आणि एकही पान हलत नाही. त्यासाठी 'रीराइट कंडिशन' लावून क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हापुढचा भाग) वेगळी तपासावी लागते. ती लिहिताना 'आयडी=३७' या अख्ख्या तुकड्याला पुढेमागे सुरुवातीची आणि शेवटची खूण (^ आणि $) हवी, नाहीतर ३७ चा नियम ३७० लाही लागतो आणि टॉवेलच्या पानावर नॅपकिनचा गिऱ्हाईक येतो. ही कंडिशन फक्त तिच्या लगेच खालच्या एकाच नियमाला लागू होते. ३० माल असतील तर ३० जोड्या लिहा, कंटाळा करू नका. नव्या पत्त्याच्या शेवटी क्यूएसडी हा फ्लॅग (क्वेरी स्ट्रिंग टाकून देण्याची सूचना) द्या, नाहीतर जुनं 'आयडी=३७' नव्या पत्त्यालाही चिकटून राहातं. आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर हे सगळं त्याच्या स्वतःच्या 'बिगिन' आणि 'एंड' या खुणांमधल्या भागाच्या वर लिहा. त्या भागात लिहिलेलं वर्डप्रेस कधीही पुसून टाकतं.

मराठी अक्षरांतले पत्ते असतील तर आणखी एक बघा. पत्त्यातलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं. 'चादर' हा चार चिन्हांचा शब्द ३६ अक्षरं खातो. वर्डप्रेस पानाच्या नावाला २०० अक्षरांची मर्यादा घालतं, म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर नाव तुटतं. म्हणून जुना पत्ता शीर्षकावरून अंदाजाने लिहू नका, ब्राउझरमधून उचला. रीराइटच्या नियमात मात्र पत्ता सरळ देवनागरीत लिहायचा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची, कारण अपाचे खुणा उलगडून मगच जुळवतं. नव्या साइटला छोटे पत्ते ठेवा, दोन-तीन शब्दांचे. मराठीत ठेवा की रोमनमध्ये, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मुहूर्त. चादरीचा धंदा थंडीतला. दिवाळीपासून सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेपर्यंत साइटला हातही लावू नका. टॉवेल विकत असाल तर लग्नसराईही टाळा, आहेराचा माल तेव्हाच जातो. आषाढ उत्तम : लग्नं थांबलेली असतात, थंडीला अवकाश असतो. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं गूगलमध्ये नव्या पत्त्यावर यायला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात क्रमांक वरखाली होणारच. मालकाला हे आधी सांगून ठेवा. वार मंगळवार किंवा बुधवार, सकाळी. शनिवारी संध्याकाळी बदल करून घरी गेलात तर रविवारभर बिघडलेलं कोणी पाहाणार नाही.

तयार होत असलेली साइट गूगलपासून लपवताना तिला पासवर्ड लावा. वर्डप्रेसच्या सेटिंगमधल्या 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना थोपवणारी चौकट असते, तिच्यावर विसंबू नका, कारण ती टिक तशीच नव्या साइटवर जाते आणि प्रत्येक पानावर 'नोइंडेक्स' ('हे पान निकालांत घेऊ नका') बसतं. रोबोट्स फाइलचंही असंच. ती गूगलला पान वाचायला मनाई करते, गूगलच्या निकालांतून काढत नाही. तुम्ही रोबोट्समध्ये मनाई केली आणि पानावर नोइंडेक्सही लिहिलं, तर गूगलला ते नोइंडेक्स वाचताच येत नाही आणि पत्ता निकालांत लटकत राहातो. तपासताना पानाचा सोर्स बघा आणि हेडरही (पानासोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती) बघा. एक्स-रोबोट्स-टॅग नावाने तेच काम हेडरमधून होतं आणि सोर्समध्ये दिसत नाही.

मजकुराकडे या. कारखान्याकडून मजकूर बहुधा छापखान्याच्या फाइलमधून येतो, श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला. फॉन्ट असेल तोवर तो मराठी दिसतो; गूगलला तिथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. 'सोलापुरी चादर' हे शब्द त्याच्या लेखी त्या पानावर नसतातच. सगळं युनिकोडमध्ये बदला, आणि बदलल्यावर डोळ्यांनी वाचा : रफार, पोटफोड्या ष, 'ऱ्या', पहिली वेलांटी, यांची हमखास वाट लागलेली असते. व्हॉट्सॲपवर आलेलं दरपत्रकाचं चित्र तसंच चढवू नका. माप, वजन, धाग्याचा प्रकार, धुण्याच्या सूचना हे सगळं टाइप केलेलं हवं. '६० बाय ९०' शोधणारा माणूस चित्रातल्या अक्षरांवरून तुमच्यापर्यंत पोहोचेल असा भरवसा धरू नका.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड गिऱ्हाईकही आहे, तेव्हा भाषांची पानं केलीत तर एचरेफलँग (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणारी खूण) दोन्ही बाजूंनी द्या. मराठी पान तेलुगू पानाकडे बोट दाखवतं आणि तेलुगू पान परत दाखवत नाही, तर गूगल ती जोडी धरत नाही. गाव ओळखून आपोआप भाषा बदलणारं प्लगिन अजिबात नको. गूगलचा बॉट बहुतांशी अमेरिकेतून येतो आणि त्याला तुमचं मराठी पान कधी दिसतच नाही.

वेग. मोजमापं तीन : मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. १०० पैकी ७५ भेटींत हे साधलं तर पास. मोबाइलवरच मोजा, गूगल मोबाइलचंच रूप वाचून यादी करतं. फोनमधून काढलेला चादरीचा फोटो ४-५ एमबीचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (चित्राचा हलका फाइलप्रकार) करा, दीडशे केबीच्या आत बसवा, आणि कोडमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो आला की खालचा मजकूर धाडकन सरकतो. वरच्या बॅनरला लेझी लोडिंग (चित्र गरज पडेल तेव्हाच आणणं) लावू नका. सर्वांत आधी हवं तेच चित्र त्याने उशिरा येतं. ही चूक तयार थीममध्ये सर्रास असते. देवनागरी फॉन्ट जड असतात, म्हणून दोनच वजनं (अक्षरांच्या जाड्या) घ्या, डब्ल्यूओएफएफ-२ या हलक्या फाइलप्रकारात. होमपेजवर आपोआप सुरू होणारा मागाचा व्हिडिओ काढा, मालक कितीही म्हणाला तरी. पडताळणीचा खरा आकडा मागच्या २८ दिवसांच्या भेटींवरून बनतो, तेव्हा आज केलेली सुधारणा उद्या दिसत नाही म्हणून पुन्हा सगळं उकरू नका. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागेही लागू नका. तो वेळ जुन्या पत्त्यांच्या यादीला द्या. यादी पुरी झाली का?

बाकीचं पटापट. एचटीटीपीएस अर्थातच. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह की त्याविना, एकच ठरवा. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल (मूळ पत्ता कोणता ते गूगलला सांगणारी खूण) स्वतःकडे, आणि तो चाचणीच्या साइटच्या पत्त्यावर राहिलेला नाही ना, ते बघा. रंग-मापाच्या फिल्टरमुळे शेकडो पत्ते तयार होत असतील तर त्यांचा कॅनॉनिकल मूळ प्रकाराच्या पानाकडे. साइटमॅपमध्ये २०० (पान नीट उघडलं) देणारी पानंच घाला. त्यातले प्रायॉरिटीचे आकडे भरत बसू नका, गूगल ते बघत नाही. मालाच्या पानाला प्रॉडक्ट स्कीमा (मालाची माहिती गूगलला कळेल अशा ठरावीक रूपात), त्यातली किंमत पानावर दिसते तीच. दुकानाचं नाव, पत्ता, फोन साइटवर आणि गूगल बिझनेस प्रोफाइलवर अक्षरशः सारखे. क्रॉल बजेटची (गूगल एका साइटची किती पानं वाचतं त्याची) चिंता लाखो पानांच्या साइट्सनी करावी.

आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे टिकण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हर बदलणार असाल तर एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठे जावा याची नोंद) आधी लिहून घ्या, नाहीतर कारखान्याचा ईमेल बंद पडेल. सर्च कन्सोलची पडताळणी जुन्या साइटच्या फाइलमधून केलेली असेल तर ती जाईल. डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डने करून घ्या. पूर्ण बॅकअप, आणि तो सर्व्हरच्या बाहेर.

बदलाच्या सकाळी : साइट वर, पासवर्ड काढा, नोइंडेक्स तपासा, रोबोट्स तपासा, साइटमॅप द्या, महत्त्वाची पाच-सहा पानं सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून बघा. आणि शीटचा पहिला रकाना अख्खा स्क्रीमिंग फ्रॉगच्या लिस्ट मोडमध्ये टाका. नवा पत्ता दिलेल्या प्रत्येक ओळीला ३०१, आणि तिच्या पुढच्या पानाला २०० यायला हवं. दहा ओळी बघून 'चालतंय' म्हणू नका, सगळ्या बघा.

डोमेन बदललं असेल तर सर्च कन्सोलमधलं पत्ता बदलण्याचं साधन वापरा, आणि जुनं डोमेन दरवर्षी रिन्यू करत राहा. पहिले दोन आठवडे रोज ४०४ चा लॉग. यादीत नसलेला जुना पत्ता दिसला की शीटमध्ये ओळ, नियमांत जोडी. नंतर आठवड्यातून एकदा. थीम, प्लगिन किंवा होस्टिंग बदललं की पॅकिंगच्या टेबलावरची ती कार्डं घेऊन पुन्हा प्रत्येक कोड स्कॅन करा.