मोबाइलवरचा ‘बुद्ध्यांक’ पोरासमोर काढू नका

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या लातुरात भावाच्या पोरानं मोबाइलवर बुद्धिमत्ता चाचणी दिली. आले 92. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा दिली तर 118! पोरगं एका रात्रीत हुशार झालं नव्हतं, प्रश्न ओळखीचे झाले होते. म्हणून असला आकडा मुलांसमोर उच्चारू नका, चुलतभावाच्या आकड्याशी तर मुळीच ताडू नका. 1905 मध्ये पॅरिसात बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमत्ता चाचणी रचली ती शाळेत कुणाला जादा मदत लागते हे ओळखायला, नंबर लावायला नव्हे. खरी चाचणी वयानुसार प्रमाणित असते, म्हणजे त्याच वयाच्या मुलांशी ताडून गुण ठरतात, मानसशास्त्रज्ञ समोर बसवून घेतात. अभ्यासाबद्दल खरंच शंका असेल तर मानसशास्त्रज्ञाकडं जा.

खेळ म्हणून खुशाल खेळू द्या, पण पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही शेजारी बसून. ‘हे कसं ओळखलंस?’ एवढं विचारा. गुणांपेक्षा ते उत्तर ऐकण्यासारखं असतं. निकाल दाखवायला मोबाइल नंबर, शाळेचं नाव किंवा पैसे मागितले की तिथंच बंद करा.

आणि लाइट गेली तर चल्लस-आठ हा कवड्यांचा जुना पटखेळ मांडा. कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके चालतात.